साळवे मॅडमचं ‘कुठं?’

साळवे मॅडमसमोर ‘सुंदर’ हा शब्द काढायचा नाही, ही सूचना मला महाविद्यालयात रुजू झालो त्याच दिवशी मिळाली. देणारे होते आमचे ग्रंथपाल. ते पुस्तकं वेळेवर देत नसत, सूचना मात्र तत्परतेनं देत. मी हसून सोडून दिलं आणि त्याच दुपारी, स्टाफरूमच्या खिडकीशी उभं राहून, नवख्या माणसानं काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, “गुलमोहर काय सुंदर फुललाय!”

कोपऱ्यात एक सावळ्या, उंच बाई डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कुठं?”

“तो काय, समोर.”

“समोर हाय ते दिसतंय मला. सुंदर कुठं, म्हणते मी. बोट ठेवा.”

मी मराठीचा माणूस. सौंदर्याबद्दल माझं वाचन बरं होतं. एका पुस्तकात ते वस्तूत असे, दुसऱ्यात पाहणाऱ्यात, तिसऱ्यात दोघांच्या मध्ये कुठंतरी अधांतरी. पण झाडावर बोट ठेवून दाखवा, असं यांपैकी एकाही पुस्तकानं मला सांगितलं नव्हतं. मी पुटपुटलो, “म्हणजे... त्याचा तो लाल रंग.”

“लाल तर एसटी बी असते.”

स्टाफरूम कान देऊन ऐकत होती. आता माघार घेण्यापेक्षा खरोखर झाडाकडे बघणं सोपं, म्हणून मी बघितलं. खाली प्राचार्यांची पांढरी गाडी होती आणि तिच्या टपावर पाकळ्यांचा सडा पडला होता. मागच्या काचेवरून एकेक पाकळी थांबत थांबत घसरत होती. मी म्हणालो, “तिथं. गाडीच्या काचेवर.”

त्या उठल्या, खिडकीशी आल्या, दोन पावलं मागं सरकल्या, मान तिरपी केली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

“हां. आता बघितलं तुम्ही. मघाशी नुसतंच बोलला होता. भाकरी घ्या.”

शकुंतला साळवे यांच्याशी माझी ओळख ही अशी झाली. पुढे आम्ही पुष्कळ वर्षं एकाच स्टाफरूममध्ये काढली आणि त्या काळात मी त्यांच्यासमोर तो शब्द फार जपून वापरला.

त्या तत्त्वज्ञान शिकवत. त्या विभागाच्या त्याच प्रमुख आणि त्याच संपूर्ण विभाग. सौंदर्यशास्त्राचा त्यांचा पेपर मुलं घेत, कारण तो दुपारच्या सत्रात नव्हता आणि गावाकडची बस सापडत असे. असं चुकून आलेलं मूल वर्षाअखेरीस बिघडून बाहेर पडे. म्हणजे घरी जाऊन आईला, दुकानदाराला, चुलत्याला ‘कुठं?’ विचारू लागे. पालकसभेत एका गृहस्थांनी तक्रार केली होती, “मॅडम, पोरगी साडी घ्यायला गेली आन् दुकानदारालाच प्रश्न घालू लागली. त्यानं साड्या परत कपाटात ठेवल्या की वो.” मॅडमना ही तक्रार नसून आपल्या कामाची पावती आहे असंच वाटलं. नम्रता हा गुण त्यांच्यात नव्हता आणि त्याची उणीव त्यांना कधी भासल्याचंही मी पाहिलं नाही. विद्यार्थी त्यांना ‘कुठंमॅडम’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी तसं लिहून ठेवलं, तेव्हा त्यांनी पुसण्याआधी ‘ठ’चा गोल नीट काढलेला नाही एवढंच सांगितलं.

त्यांची बघण्याची एक रीत होती. वस्तू समोर आली की दोन पावलं मागं आणि मान डावीकडं. या रीतीपायी औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात त्या कितीतरी लोकांच्या पायांवर पाय देत. वांगं उचलून उन्हात धरायचं, देठाकडून बघायचं, खाली ठेवायचं, दुसरं घ्यायचं. एकदा भाजीवाला वैतागून म्हणाला, “मावशी, भाजी घ्यायची का सोयरीक जमवायची?”

“दोन्हीला आधी बघावंच लागतं, बाबा.”

“सोयरिकीला बी एवढं नाय बघत कुणी!”

“म्हनून तर,” मॅडम म्हणाल्या आणि वांगी पिशवीत टाकली.

हे ‘कुठं?’ त्यांना कुठून मिळालं, याची हकीकत त्यांनी मला तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितली. पहिल्या हकीकतीत ते आईचं होतं. आई बांधकामावर गिलाव्याच्या कामाला जाई. मुकादम म्हणाला, भिंत वाकडी झाली; आईनं विचारलं, कुठं? मुकादमाला दाखवता येईना. दुसऱ्या हकीकतीत ते त्यांच्या गुरुजींचं होतं. तिसरी हकीकत पोह्यांची. जालन्याकडची माणसं त्यांना बघायला आली होती. त्यांतल्या एक आत्याबाई मोठ्या मनानं म्हणाल्या, “सावळी असली तरी मुलगी सुंदर हाय.” पोह्यांचा ट्रे हातात घेतलेल्या मुलीनं विचारलं, “कुठं?” आत्याबाई गडबडल्या. नवरामुलगा छताकडं बघायला लागला. लग्न जमलं नाही. हे नाही आणि पुढचीही नाहीत.

“ ‘असली तरी’ म्हनाली ना ती,” मॅडम सांगत. “मग दाखव म्हनलं, ‘तरी’ कुठं संपतं आन् सुंदर कुठं लागतं.”

तिन्ही हकीकती त्या सारख्याच चवीनं सांगत. माझा विश्वास पोह्यांवर आहे, कारण स्टाफरूममध्ये पोहे आले की त्या चहाच घेत.

हा प्रश्न नेहमीच शोभून दिसे असं मात्र नाही. आमच्या भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवरून बाळ दाखवायला आल्या होत्या. “किती सुंदर आहे ना?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा मॅडमनी सवयीनं जे विचारायचं ते विचारलं. त्या बाईंचे डोळे भरले आणि मग रागानं त्यांनी बाळाचं टोपडं मागं सारलं. “इथं. कानाच्या पाळीला लव आहे. दिसते का?” मॅडम वाकल्या, चष्मा वर केला, नीट पाहिलं. “आहे,” म्हणाल्या. भूगोलाच्या बाईंनी पुढे बरेच दिवस अबोला धरला. मी त्या वेळी मॅडमना म्हणालो होतो, की प्रत्येक माणूस प्रत्येक वेळी बोट दाखवायला बांधील नसतो. त्या म्हणाल्या, “नसतो. पन त्या कानाकडं आता ती जन्मभर बघंल.” तरीही त्यांचं चुकलंच असं माझं मत आहे.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष हे हौशी गृहस्थ. त्यांनी महाविद्यालयाला नवं प्रवेशद्वार बांधलं. दोन बाजूंना दोन हत्ती, सोंडेत माळा, वर कमळ, कमळात घड्याळ, आणि खांब असे, की ते पाहून ग्रीस आठवावा की लग्नाचं लॉन याचा निर्णय होऊ नये. रात्री त्यात निळे दिवे लागत. उद्घाटनाला आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून रांगेत उभे होतो. फीत कापून झाल्यावर अध्यक्ष मॅडमसमोर थांबले.

“काय साळवे मॅडम? तुमचा तर विषयच हाय हा. सुंदर झालंय ना गेट?”

प्राचार्यांना खोकला आला. तो खरा नव्हता.

“कुठं?” मॅडमनी विचारलं.

अध्यक्षांना वाटलं, बाईंना दिसत नाही. “हे काय! हत्ती बघा ना. खास राजस्थानचे कारागीर आनले होते.”

“कारागीर आनले. सुंदर कुठं?”

“आता... खांब घ्या.”

“घेतले. त्यात कुठं?”

अध्यक्ष हा गर्दीत बोलणारा माणूस. तो पहिल्यांदाच आपल्या दाराकडं बघू लागला. हत्तीवरून नजर कमळावर गेली, कमळावरून घड्याळावर. घड्याळ बंद होतं. आम्ही सगळे आपापल्या चपलांकडं पाहू लागलो. आणि मग काय झालं कोण जाणे, अध्यक्षांनी एकदम पँट वर ओढली आणि ते खाली बसले. फेटा बांधलेला, गळ्यात हार, आणि उकिडवे. फरशीच्या सांध्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

“हे इथं,” ते म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला होता. “सांध्यात ब्लेड जानार नाय. माझा बाप फरशी बसवायचा, मॅडम. हे काम मी सोता उभा राहून करून घेतलंय.”

मॅडमही खाली बसल्या. त्यांनीही अंगठा फिरवला. “आहे,” त्या म्हणाल्या. “हे सुंदर आहे.”

चारचौघांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला तो एवढाच. अध्यक्ष इतके खूश झाले, की पुढे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते हत्तींच्या मधून भराभर आत नेत आणि फरशीपाशी वाकायला लावत. एका माजी कुलगुरूंना गुडघ्याचा त्रास होता, त्यांनाही सुटका मिळाली नाही.

दरवर्षी त्या मुलांना अजिंठ्याला नेत. मी एकदाच बरोबर गेलो. फर्दापूरला चहा झाला, बस बदलली, वर चढलो. पहिल्या लेण्यात अंधार, गर्दी, आणि मुलांचा ‘वॉव’चा कोरस. गाइड पाठ केलेलं भाषण म्हणत होता; त्यात जगातलं सर्वांत सुंदर काय याचा निकाल त्यानं कधीच लावून टाकला होता. मॅडम गर्दीच्या मागं उभ्या होत्या. सिल्लोडकडची एक मुलगी, काजल, त्यांच्याजवळ आली. तिच्या घरची माणसं मेंढरं राखणारी. वर्गात ती फारशी बोलत नसे.

“मॅडम, एक सांगू का? रागावू नका.”

“सांग.”

“मला कायबी दिसंना. सगळे वॉव म्हनले म्हनून मीबी म्हनले.”

एखाद्या मुलीनं सुवर्णपदक मिळवल्यावर शिक्षकाचा चेहरा व्हावा तसा मॅडमचा झाला. “लई बरं झालं बोललीस. बस खाली. डोळ्याला अंधार कळू दे.”

दोघी भिंतीपाशी बसल्या. गर्दी पुढं सरकली. मॅडमनी काही समजावून सांगितलं नाही. मला वाटलं, आता चित्रातले हात, डोळे, करुणा वगैरे निघणार; माझ्याकडं तर ती वाक्यं तयारच होती. काजल चित्राकडं बघतच नव्हती. चित्र जिथं संपलं होतं, गिलावा पडून आतला थर उघडा झाला होता, तिथं तिची नजर लागली होती. ती पुढं झुकली, आणि एवढ्या मोठ्यानं हसली, की गाइड थांबला.

“मॅडम! यात भुसा हाय!”

“कुठं?”

“हे काय! मातीत भुसा कालवलाय. आमच्या घरच्या भिंतीला माय असाच घालती!”

गाइड त्रासून म्हणाला, “ताई, तो पडलेला भाग आहे. तिकडं नका बघू, चित्राकडं बघा.”

“थांबा हो दादा,” मॅडम म्हणाल्या. “ती येतीय तिकडंच.”

आणि ती खरंच आली. भुशावरून मातीवर, मातीवरून पांढऱ्या थरावर, तिथून रंगाच्या कडेवर, अशी तिची नजर वर चढत गेली. शेवटी ती चित्रावर जाऊन थांबली. तिला तिथं काय दिसलं ते मला सांगता येणार नाही. मॅडमनीही तिला ते विचारलं नाही. भुशाचं विचारून झालं होतं, पण दिसलेल्या गोष्टीचं ‘कुठं?’ न विचारता त्यांनी कुणाला सोडल्याचं, मी ओळखत असल्यापासूनचं ते एकमेव उदाहरण. बस निघायच्या वेळी काजलला शोधायला माणूस पाठवावा लागला.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना मॅडमच्या चेहऱ्याची उजवी बाजू एका सकाळी लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, बरंचसं परत येईल, सगळं येईलच असं नाही. मी भेटायला गेलो, तर त्या गॅलरीत बसून बशीनं चहा पीत होत्या, कारण कपाला ओठ लागत नव्हते.

“या सर. एका बाजूचा गिलावा सुटला,” त्या म्हणाल्या.

‘गिलावा’तला ‘व’ निसटला. प, फ, ब, म तर जास्तच. ज्या अक्षरांना दोन ओठ जुळावे लागतात, ती सगळी त्यांच्या तोंडून हवेसारखी सुटून जात. ‘कुठं’मध्ये ओठ मिटावे लागत नाहीत. तेवढं शाबूत होतं.

महिन्याभरानं त्या कामावर आल्या, आणि आमच्या स्टाफरूमचा सुसंस्कृतपणा उघडा पडला. सगळे त्यांच्याशी अतिशय प्रेमानं बोलू लागले आणि कुणीही त्यांच्याकडं बघेना. कुणी त्यांच्या पदराशी बोले, कुणी भिंतीवरच्या घड्याळाशी. अध्यक्ष येऊन गेले. त्यांनी मॅडमच्या पर्सची विचारपूस केली. भूगोलाच्या बाई मायेनं डबा आणत आणि तो समोर ठेवताना डब्याकडंच पाहत. मीही काही वेगळा नव्हतो. मी चष्मा पुसत असे.

त्या दुखावल्या होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही. एका मधल्या सुट्टीत, खोलीत दोघंच होतो तेव्हा, त्या म्हणाल्या, “सर, पोह्यांच्या टायमाला लोक बघत होते आन् नापसंत करत होते. त्याचं नाय एवढं वाटलं मला. आता बघतच नाहीत. मी काय भिंत हाय का?”

“लोकांना वाटतं, तुम्हाला वाईट वाटेल.”

“मला बघितल्यावर वाईट वाटंल का न बघितल्यावर, हे मला कुनी इचारलं?” त्यांनी रुमालानं ओठाचा कोपरा टिपला. “जलमभर पोरांना एकच शिकवलं, बघा म्हनून. शेवटच्या वर्षाला पोरं पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागली. अशी रिटायर व्हायची नाय मी.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या तासाच्या वेळी माझा तास शेजारच्या वर्गात होता, आणि दोन वर्गांमधली भिंत संस्थेच्या बांधकामाला साजेशी होती. सगळं ऐकू येई. मॅडम म्हणाल्या, “आज पुस्तक नको. आज मला बघा. काय बदललंय ते सांगा. कुठं, ते पन सांगा.”

माझ्या वर्गानंही भिंतीकडं कान लावले.

“लाजू नका. अजिंठ्याला पडलेल्या भिंती डोळे फाडून बघता, आन् मी तर अजून उभी हाय.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग एका मुलाचा आवाज आला, “मॅडम, उजवा डोळा मिटत नाही.”

“बरोबर. अजून?”

“हसताना तोंड डावीकडं ओढलं जातं.”

“बरोबर. अजून?”

“कपाळाच्या आठ्या एकाच बाजूला पडतात.”

“हे मलाबी म्हाईत नव्हतं. अजून?”

मग एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तुम्ही काजळ लावायचं सोडलं.”

“अगं, डोळ्यात औषध घालतीय ना, बाई!” आणि वर्ग इतका मोठ्यानं हसला, की माझ्या वर्गातली मुलंही कारण न कळता हसली. त्या दिवसापासून मुलं त्यांच्याकडं सरळ पाहू लागली. मोठी माणसं अधिक शिकलेली होती; त्यांना वेळ लागला.

चेहरा हळूहळू परत आला, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बराचसा. डोळा मिटू लागला. अक्षरं परत आली. हसू मात्र डावीकडंच राहिलं.

निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागला. अध्यक्षांना फरशीचा सांधा आठवत असावा. त्यांनी मॅडमचा फोटो स्वतःच्या फोटोपेक्षा मोठा छापून घेतला होता, ही गोष्ट आमच्या संभाजीनगरात सहसा होत नाही. ‘सेवापूर्ती सोहळा’, खाली मोरपिसं, आणि मध्यभागी एक गोरीपान बाई. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे, ओठ पट्टीनं आखलेले, गाल साबणाच्या जाहिरातीतले. साडी तेवढी मॅडमची होती.

मॅडम रिक्षातून उतरल्या. सगळ्यांनी त्यांना घेरलं. “मॅडम, फोटो किती सुंदर आलाय!”

“कुठं?” त्या म्हणाल्या.

आम्ही सवयीनं बोटं सरसावली. पण त्यांचं वाक्य संपलं नव्हतं.

“मी कुठं हाय यात?”

त्यांनी दोन पावलं मागं घेतली, मान तिरपी केली, आणि जी काही शेवटची आशा होती ती सोडून दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. वर्षभर त्या ज्याच्याशी भांडल्या ते इथं बारा फूट उंच उभं होतं, मोरपिसांसकट. मग त्या माझ्याकडं वळल्या. “सर, तुमची गाडी काढा. हा फ्लेक्स कुनी बनवला?”

फ्लेक्सचं दुकान शहागंजात होतं. मालक जावेदभाई, पन्नाशीचे, तोंडात पान. मॅडमना पाहताच उठून उभे राहिले. “आओ मॅडम, बैठो. क्या हुआ, नाम गलत पड्या क्या?”

“नाम बराबर है. मूँ किसका है ये?”

“आपकाच है! थोडा सीधा करा मैं. अध्यक्षसाब कुछ नहीं बोले थे, मैंच अपने मन से करा. बोला, टीचर है, इज्जत का काम है.”

“कुठं कुठं सरळ केलं? दाखवा.”

जावेदभाईंना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी मूळ फोटो शेजारी उघडला, मोठा केला, आणि एकेका जागेवर बोट ठेवत सांगू लागले. “ये देखो. होंठ का ये कोना नीचे था, उठाया. ये वाली आँख जरा बडी दिख री थी, बराबर करी. माथे पे लकीरां एकीच तरफ थीं, वो निकाली. इधर, नाक के बाजू में, ये बारीक खड्डा है देखो, हसते वखत पडता, ये तो किसी को दिखता भी नहीं...”

ते सांगत गेले आणि मॅडम ऐकत गेल्या. येताना गाडीत त्यांचा जो पारा होता, तो कुठल्या कुठं गेला होता. अजिंठ्यात काजल बोलली तेव्हा झाला होता तसा त्यांचा चेहरा झाला.

“भाई,” त्या शेवटी म्हणाल्या, “साल झालं. एवढं नीट मला कुनी बघितलं नाय.”

जावेदभाई ओशाळले. “मिटाने के वास्ते देखनाच पडता ना, मॅडम.”

“अब सब वापस रखो. रंग भी.”

“नको मॅडम! लोगां क्या बोलेंगे? जावेद को काम नहीं आता बोलेंगे. नीचे मेरे दुकान का नाम है.”

“तो नाम मत डालो.”

जावेदभाईंनी स्क्रीनकडं पाहिलं. एका बाजूला गुळगुळीत बाई, दुसऱ्या बाजूला मॅडम. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. माऊस थोडा वेळ थांबला आणि मग एकेक गोष्ट परत येऊ लागली: आठ्या, डोळा, तो बारीक खड्डा, सावळा रंग. छापायला लावताना ते म्हणाले, “नहीं, नाम डालता मैं.”

सकाळी नवा फ्लेक्स लागला. अध्यक्ष गाडीतून उतरले आणि घाबरे झाले. “आरे, ह्यो बिघडला की! मॅडमचा फोटो बिघडवला ह्यांनी!”

मॅडम मागंच उभ्या होत्या. “कुठं?”

अध्यक्षांनी फ्लेक्सकडं पाहिलं, मग मॅडमकडं, मग परत फ्लेक्सकडं. जितकी माणसं येत होती, ती सगळी हेच करत होती. माणसाकडं टक लावून पाहणं वाईट दिसतं. फ्लेक्सकडं पाहायला कुणाची हरकत नसते, तो त्यासाठीच असतो. लोक आधी तिथं मनसोक्त बघून घेत आणि मग त्यांची नजर खाली, खऱ्या चेहऱ्यावर उतरे, आणि एव्हाना ती सरावलेली असे. समारंभात भाषणं नेहमीसारखीच झाली, म्हणजे लांब. पण बोलणारा प्रत्येक जण मॅडमकडं बघून बोलला. भूगोलाच्या बाई तर बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या नाकाजवळ खळी पडते, माहीत आहे का?” मॅडमनी हात जोडून सांगितलं, की ती कालच कळली.

निवृत्तीनंतर त्या करमाडजवळच्या आपल्या गावी, थोरल्या भावाकडं राहायला गेल्या. दिवाळी झाल्यावर मी एकदा गेलो. आभाळ भरून आलं होतं. अंगणाच्या कडेला कडब्याची गंजी होती आणि पाऊस लागू नये म्हणून तिच्यावर मॅडमचा निरोप समारंभ पांघरलेला होता. समारंभ संपल्यावर फ्लेक्सचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडं कुणाला पडत नाही. ‘सेवापूर्ती’ मागच्या बाजूला गेली होती. अध्यक्ष खाली लोंबत होते आणि म्हैस त्यांच्या कोपराला अंग घासत होती. वर, गंजीच्या उतारावर, मॅडमचा चेहरा आभाळाकडं बघत होता. गालालगत फ्लेक्स दुमडलेला आणि कडेनं दगड ठेवलेले.

मॅडम ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांचे भाऊ दादाराव दोरी ताणून बांधत होते. मला पाहून म्हणाले, “या सर. कापड लई दांडगं हाय, थेंब जात नाय आत.” मग दोन पावलं मागं सरकले, मान तिरपी केली. ही रीत घराण्याची असल्याचं मला तेव्हा कळलं. “पन काय म्हना, शकूचा फोटो लई सुंदर आलाय.”

“कुठं?” मॅडम म्हणाल्या. शेंगांवरून नजर न काढता, हात चालूच.

दादारावांना हा प्रश्न बहुधा लहानपणापासून ठाऊक असावा. त्यांनी हातातली काठी उचलली आणि गंजीवर टेकवली. “ह्या इथं. तोंडाच्या कोपऱ्याला. आय अशीच हसायची. उजव्या गालात तंबाखू धरून, डाव्या अंगानं.”

मॅडमचे हात थांबले.

त्या उठल्या. मांडीवरच्या शेंगा अंगणात सांडल्या, त्यांच्याकडं त्यांनी पाहिलं नाही. गंजीपाशी गेल्या, आणि दोन पावलं मागं न सरकता, अगदी जवळून, नाक लागेल एवढ्या जवळून पाहू लागल्या. इतके दिवस त्या चेहऱ्यासाठी त्या सगळ्या जगाशी भांडल्या होत्या, आरशात रोज तो पाहत होत्या, आणि जावेदभाईंच्या बोटाबरोबर त्याची एकेक रेघ त्यांनी फिरून पाहिली होती.

“व्हय की,” त्या म्हणाल्या.

त्या कोपऱ्यालगतच दादारावांनी दगड ठेवला होता, त्यानं गालाला चुणी पडली होती. मॅडमनी दोन्ही हातांनी दगड उचलला आणि हातभर पलीकडं ठेवला. चुणी गेली. कडा मोकळी होऊन वाऱ्यानं हलू लागली.

“आगं शकू, तिथनं पानी जाईल ना आत.”

“जाऊ दे थोडं,” मॅडम म्हणाल्या.